एका मिनिटाचं भाषण, तीन वर्षांचा खटला : बेथेल हायस्कूलची विद्यार्थी परिषद निवडणूक

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, टकोमा शहराच्या दक्षिणेला स्पॅनवे नावाची वस्ती आहे. तिथल्या बेथेल हायस्कूलमध्ये २६ एप्रिल १९८३ रोजी विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची सभा भरली होती. समोर सहाशेच्या आसपास मुलं होती, त्यातली बरीच चौदा वर्षांची. उपाध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या मित्राचं नाव मांडायला मॅथ्यू फ्रेझर हा शेवटच्या वर्षातला मुलगा उठला, शंभरेक शब्द बोलला आणि मिनिटभरात खाली बसला. त्या मिनिटाचा निकाल लागायला तीन वर्षांहून अधिक काळ गेला आणि तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लागला. अमेरिकेत विद्यार्थी परिषद, वार्षिकांक, शाळेचं वर्तमानपत्र असे उपक्रम सांभाळणाऱ्या शिक्षकांना 'बेथेल स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध फ्रेझर' हे नाव आजही माहीत असावं लागतं. (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, आणि तिचा कारभार पाहणारं मंडळ म्हणजे स्कूल बोर्ड.)

या खटल्यावर बोलताना बहुतेक जण एकाच प्रश्नात अडकतात : भाषण अश्लील होतं की नव्हतं? मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. ज्या व्यासपीठावरून मुलगा बोलला ते मुलांचं होतं की शाळेचं, हे त्या दिवसापर्यंत कुणीही स्पष्ट केलेलं नव्हतं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

ही परिषद कुणाची?

आपल्याकडे शाळेत 'मंत्रिमंडळ' असतं. जूनमध्ये वर्गशिक्षक नावं सुचवतात, कधी हात वर करून मतदान होतं, मुख्याध्यापकांच्या हस्ते शपथविधी होतो, सफाईमंत्री आणि क्रीडामंत्री आठवडाभर रुबाबात फिरतात, आणि पहिल्या घटक चाचणीपर्यंत सगळं विरून जातं. महाविद्यालयांचं तर वेगळंच रामायण. हाणामाऱ्यांमुळे खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात थांबल्या, गुणांवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आली, आणि निवडणुका परत आणायचं ठरलं ते २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात. त्यामुळे शाळकरी परिषदेच्या उपाध्यक्षपदावरून कुणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाईल, हे आपल्या पचनी पडायला वेळ लागतो.

तिथली परिषद मात्र खऱ्या पैशांशी जोडलेली असते. वॉशिंग्टन राज्यात तिला 'असोसिएटेड स्टुडंट बॉडी' म्हणतात, रोजच्या बोलण्यात 'एएसबी'. शाळेतले सगळे विद्यार्थी तिचे सभासद. नाचाचे कार्यक्रम, खेळांच्या सामन्यांची तिकिटं, क्लबांना द्यायचा निधी, आणि अनेक शाळांत वार्षिकांकाची छपाई व विक्रीसुद्धा याच खात्यातून चालते. खर्चाचं अंदाजपत्रक मुलं मांडतात, मंजूर करतात. पण राज्याच्या कायद्यानं हा पैसा सार्वजनिक पैसा मानला आहे आणि त्यावर शेवटचं नियंत्रण स्कूल बोर्डाचं आहे. पदं मुलांची, मतं मुलांची, भाषणं मुलांची. वेळ शाळेची, जागा शाळेची, चेकवर सही मोठ्यांची. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा या दुहेरी मालकीचा त्रास कुणालाच होत नाही.

त्या दिवशीची सभासुद्धा तशीच दुहेरी होती. मुलांपुढे दोन पर्याय होते : सभेला बसा, नाहीतर त्या वेळेत अभ्यासिकेत जाऊन बसा. घरी जाण्याचा, पटांगणात हिंडण्याचा पर्याय नव्हता. स्वशासनाचं शिक्षण देणारा शाळेचाच एक कार्यक्रम म्हणून ती भरवली होती. पुढे न्यायालयात या गोष्टीला फार वजन आलं.

भाषण आणि त्याआधीचे तीन शिक्षक

फ्रेझर उनाड मुलगा नव्हता. अभ्यासात चांगला, वादविवादात तर राज्य पातळीवर उत्कृष्ट वक्ता म्हणून गौरवलेला. शब्द कुठे टाकला की सभागृह कुठे हसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाषणात एकही शिवी नव्हती, एकही असा शब्द नव्हता जो शब्दकोशात शोधून लाल शाईनं अधोरेखित करता येईल. उमेदवार किती ठाम आहे, हाती घेतलेलं काम तो कसं शेवटाला नेतो, अशी साधी स्तुती, फक्त वाक्यांची मांडणी अशी की दुसरा अर्थ कानात आधी शिरावा. सबंध भाषण त्या एकाच रूपकावर उभं होतं.

महाराष्ट्राला द्वयर्थी बोलण्याचं नवल नाही. दादा कोंडके यांच्या संवादांवर थिएटरं दणाणून सोडणारे आपणच. पण शिमग्याला गावात जे खपतं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात खपत नाही, हेही आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शाळेच्या बाजूनं बोलायचं तर तिचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यात बसतो, आणि तो काही पोकळ नाही.

सभागृहात काय झालं, याच्या नोंदी न्यायालयाच्या कागदांत आहेत. काही मुलांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या-हुर्यो झाली, काहींनी हातवारे करून भाषणातलं सूचन उघड करून दाखवलं. काही मुलं गोंधळली, अवघडली. एका शिक्षिकेनं सांगितलं की दुसऱ्या दिवशी तिला तासाचा काही भाग या भाषणावर बोलण्यासाठी बाजूला ठेवावा लागला. मारामारी नाही, तोडफोड नाही. सभा पूर्ण झाली. आणि फ्रेझरचा मित्र मोठ्या फरकानं निवडून आला.

मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग भाषणाच्या आधीचा वाटतो. फ्रेझरनं मजकूर लपवला नव्हता. त्यानं तो तीन शिक्षकांना दाखवला होता. त्यातल्या दोघांनी त्याला सांगितलं की हे योग्य नाही, बहुधा देऊ नयेस, परिणाम गंभीर होऊ शकतील. मुलानं ऐकलं आणि तरी भाषण केलं. इथवर दोष मुलाचाच वाटतो. पण तिघांपैकी एकानंही 'यानं शाळेचा नियम मोडतो' असं म्हटलं नाही. एकानंही मजकूर काढून घेतला नाही, परिषदेच्या सल्लागार शिक्षकाकडे पाठवला नाही, दुसरं भाषण लिहून आण म्हणून दिवसभराची मुदत दिली नाही. 'बघ बाबा, माझ्या मते नको' असं सांगून मोठी माणसं मोकळी झाली. सतरा वर्षांच्या, टाळ्यांची चटक लागलेल्या वक्त्याला 'बहुधा नको' या शब्दांत मनाई ऐकू येत नाही. त्याला त्यात भाषण चांगलं झाल्याची पावती दिसते.

शाळेचा लेखी नियम होता तो असा : शिक्षणाच्या कामात खरोखर आणि मोठ्या प्रमाणात अडथळा आणणारं वर्तन करायला मनाई, त्यात अश्लील, शिवराळ भाषा किंवा हावभाव आले. नियम पुन्हा वाचून पाहा. मनाई अडथळ्याला आहे की भाषेला? दोन्ही अर्थ निघतात. पुढची सगळी वर्षं वकील याच फटीत उभे राहून भांडले.

दोन शिक्षा

दुसऱ्या दिवशी सकाळी उपप्राचार्यांनी फ्रेझरला बोलावलं. पाच शिक्षकांनी लिहून दिलेली पत्रं त्याच्यापुढे ठेवली. त्यानं द्वयर्थी सूचन मुद्दाम केल्याचं मान्य केलं. कबुली देताना आढेवेढे घेतले नाहीत. शिक्षा दोन झाल्या. तीन दिवसांचं निलंबन, आणि ग्रॅज्युएशन समारंभात, म्हणजे शाळा संपताना होणाऱ्या निरोप-सोहळ्यात, भाषण करण्यासाठी ज्यांच्यातून मुलं मतदानानं वक्ता निवडणार होती त्या यादीतून नाव कमी.

या दोन शिक्षांना एकाच मापानं मोजू नये, असं मला वाटतं. निलंबन एकवेळ समजतं. सभेत पातळी सोडलीस, घरी बस. शिक्षेचा गुन्ह्याशी संबंध दिसतो, मुदत ठरलेली आहे, ती संपली की विषय संपला. दुसरी शिक्षा वेगळ्या जातीची होती. ती मतपत्रिकेवर होती. ज्या शाळेनं स्वशासन शिकवायला सभा भरवली, तिनंच दुसऱ्या एका मतदानातून एक नाव वरच्यावर उचललं, आणि तेही अशा शिक्षेचा नियमपुस्तिकेत कुठे उल्लेख नसताना.

फ्रेझरनं स्कूल डिस्ट्रिक्टच्या तक्रार निवारण प्रक्रियेत दाद मागितली. सुनावणी अधिकाऱ्यानं भाषण असभ्य, बीभत्स आणि उपस्थितांच्या लज्जेला धक्का देणारं ठरवलं, नियमातल्या 'अश्लील' या शब्दात ते बसतं असं म्हटलं आणि दोन्ही शिक्षा कायम केल्या. निलंबनाचे दोन दिवस भोगल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला वर्गात परत घेतलं गेलं. यादीतून गेलेलं नाव मात्र गेलेलंच राहिलं.

मग मुलांनी आपल्या पद्धतीनं उत्तर दिलं. अमेरिकेत मतपत्रिकेवर छापलेली नावं सोडून कोऱ्या जागेत हातानं नाव लिहायची पद्धत आहे. फ्रेझरच्या वर्गमित्रांनी तेच केलं आणि हातानं लिहिलेल्या मतांवर तो वक्ता म्हणून निवडून आला. स्वशासनाचा धडा मुलांनी नीट गिरवला होता, असंच म्हणावं लागेल.

तीन न्यायालयं

वडिलांना पालक म्हणून पुढे करून फ्रेझरनं केंद्रीय जिल्हा न्यायालयात दावा लावला. तिथे तो जिंकला, आणि जवळजवळ सगळ्या मुद्द्यांवर जिंकला. शिक्षेनं अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतलं भाषणस्वातंत्र्य डावललं. नियम अस्पष्ट आणि नको तेवढा व्यापक आहे. नियमात नसलेली शिक्षा म्हणून वक्त्यांच्या यादीतून नाव काढणं योग्य प्रक्रियेच्या हमीविरुद्ध आहे. नुकसानभरपाई २७८ डॉलर, आणि खटल्याचा व वकिलाचा खर्च १२,७५० डॉलर. भरपाईपेक्षा खर्च सुमारे शेहेचाळीस पट, त्यामुळे स्कूल डिस्ट्रिक्ट अपिलात का गेलं याचं कोडं पडायला नको. समारंभात त्याला बोलण्यापासून रोखू नये, असाही आदेश झाला. ८ जून १९८३ रोजी फ्रेझरनं ग्रॅज्युएशनचं भाषण केलं.

पश्चिमेकडच्या राज्यांची अपिलं ऐकणाऱ्या 'नवव्या सर्किट'च्या केंद्रीय अपील न्यायालयानं १९८५ मध्ये हाच निकाल उचलून धरला. त्यांच्यापुढे आधार होता टिंकर खटल्याचा. १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहरात काही मुलं व्हिएतनाम युद्धाचा निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली होती, त्यांना शाळेनं घरी पाठवलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं सांगितलं की शाळेच्या फाटकापाशी कुणी आपले घटनात्मक हक्क काढून ठेवत नाही. कामकाजात मोठा अडथळा येईल असं दाखवता आलं तरच शाळेनं हात घालावा. अपील न्यायालयानं म्हटलं, अडथळा कुठे झाला? थोडी हुर्यो, दुसऱ्या दिवशी एका तासात थोडी चर्चा. काळी फीत आणि हे भाषण यांत कायद्यानं फरक करता येत नाही.

इथे मला अपील न्यायालय थोडं पुस्तकी वाटतं. युद्धाला विरोध म्हणून मूकपणे बांधलेली फीत आणि मित्राला मतं मिळावीत म्हणून केलेला चावट विनोद, यांत फरक नाही असं म्हटलं की सामान्य पालक तुमच्यापासून दूर जातो, आणि मग वरच्या न्यायालयाला तो फरक ठसठशीत करून दाखवणं सोपं होतं.

झालंही तसंच. ७ जुलै १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरवला. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. बहुमताचं निकालपत्र त्यांनी लिहिलं. शाळेचं काम नागरिक घडवण्याचं आहे, वादग्रस्त मतं मांडायचं स्वातंत्र्य आहे तसंच समाजात कसं बोलावं हे शिकवण्याचं समाजाचं हितही आहे, या दोहोंचा तोल सांभाळायला हवा, असं त्यांचं म्हणणं. फ्रेझरच्या भाषणात राजकीय मत नव्हतं, म्हणून टिंकरची ढाल इथे चालत नाही. अमेरिकी संसदेच्या सभागृहातसुद्धा असभ्य बोलायला मनाई आहे, याकडे त्यांनी बोट दाखवलं. मुलींचा अपमान, चौदा वर्षांच्या मुलांवर होणारा परिणाम, जागचं उठून जाता न येणारे श्रोते, हे मुद्दे आले. नियमाची पूर्वसूचना पुरेशी नव्हती हा आक्षेप त्यांनी दोन दिवसांचं निलंबन म्हणजे काही फौजदारी शिक्षा नव्हे असं म्हणून बाजूला केला. शाळेचे नियम दंडसंहितेइतके बारकाईनं लिहिलेले असायची गरज नाही.

एक भाषण, वेगवेगळे कान

बर्गर यांच्या निकालपत्रात भाषणाचं वर्णन आहे, भाषण नाही. ते पूर्ण उद्धृत केलं ते न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी. निकालाशी ते सहमत होते, कारणांशी नव्हते, म्हणून त्यांनी वेगळं लिहिलं. आधी सबंध मजकूर दिला आणि मग म्हटलं की सरन्यायाधीश ज्याचं वर्णन करताहेत ते हेच भाषण यावर विश्वास बसत नाही. त्यांच्या मते सहमतीचा परीघ अगदी छोटा होता : शाळेच्या सभेत यानं मर्यादा ओलांडली असं शाळेला वाटू शकतं, बस. हेच भाषण शाळेबाहेर झालं असतं तर सरकारला त्याला शिक्षा करता आली नसती.

ब्रेनन यांनी इथे कायद्याच्या युक्तिवादाइतकंच महत्त्वाचं काम साध्या संपादकीय निर्णयानं केलं. वाचकाच्या हातात मूळ मजकूर दिला. वार्षिकांकाचं किंवा वर्तमानपत्राचं काम पाहणाऱ्या कुणालाही हे पटेल : वादग्रस्त मजकुराचं वर्णन मजकुरापेक्षा नेहमीच भयंकर असतं. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये 'मुलांनी काहीतरी भलतंच छापलंय' अशी वर्दी जाते, पान मात्र कुणी नेऊन दाखवत नाही.

असहमत दोघे होते. थर्गुड मार्शल यांनी थोडक्यात सांगितलं की अडथळा झाल्याचं शाळेला सिद्ध करता आलं नाही. जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा रोख पूर्वसूचनेवर होता, आणि तीन शिक्षकांपैकी कुणीच नियमाचं नाव घेतलं नव्हतं ही बाब त्यांनीच नोंदवली. त्यांनी असंही लिहिलं की सहाशे समवयस्क मुलांना एखादं रूपक खटकेल की नाही, याचा अंदाज दोन पिढ्या थोरल्या आणि तीन हजार मैल दूर बसलेल्या न्यायाधीशांपेक्षा त्या मुलाला जास्त चांगला असणार.

वाक्य झकास आहे, पण त्यात एक पळवाट आहे. श्रोत्यांचा अंदाज असणं वेगळं, आणि त्यातल्या अवघडलेल्या मुलांची पर्वा असणं वेगळं. टाळ्या आणि शिट्ट्या देणाऱ्यांचा अंदाज फ्रेझरला अचूक होता. मत मोजलं तर त्यांचंच बहुमत होतं. अवघडून बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलींचं मत कुठल्या पेटीत पडलं? बर्गर यांचं निकालपत्र जड आणि उपदेशी आहे, तरी हा प्रश्न विचारणारं तेच एकटं. आणि तरीही नियम धूसर ठेवायचा, इशारा अर्धवट द्यायचा, मग शिक्षा पूर्ण करायची, या क्रमाचं समर्थन त्यातून होत नाही. स्टीव्हन्स यांच्या बाजूनं मी उभा राहतो तो एवढ्याचसाठी.

वक्त्यांच्या यादीतून नाव काढण्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात जवळजवळ हरवलाच. भाषण होऊन तीन वर्षं झाली होती, मुलगा महाविद्यालयात होता, तिथे तो प्रश्न शिळा झाला होता. शाळेच्या दृष्टीनं पाहिलं तर तोच सर्वांत ताजा राहायला हवा होता.

सतरा दिवसांनी, मिसूरीत

फ्रेझरच्या भाषणानंतर सतराच दिवसांनी, १३ मे १९८३ रोजी, मिसूरी राज्यात सेंट लुईस परिसरातल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या 'स्पेक्ट्रम' या वर्तमानपत्राचा अंक निघाला. सहा पानांचा अंक चार पानांवर आला होता. मधली दोन पानं प्राचार्यांनी काढायला लावली होती. एका लेखात शाळेतल्याच तीन मुलींचे गरोदरपणाचे अनुभव होते, नावं बदलून. दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाबद्दल मुलं बोलली होती. प्राचार्यांचं म्हणणं, मुली ओळखू येतील, आणि ज्या बापाविषयी मूल बोललंय त्याची बाजू कुठे आहे? आक्षेप निरर्थक नव्हते. घटस्फोटाच्या लेखातलं मुलीचं नाव तर शिक्षकांनी अंतिम मजकुरातून काढलंही होतं. प्राचार्यांनी पाहिलेल्या प्रुफात ते अजून होतं. पण वर्ष संपत आलेलं, छपाईची तारीख डोक्यावर, वृत्तपत्र शिकवणारे मूळ शिक्षक एप्रिलच्या अखेरीस नोकरी सोडून गेलेले, नव्या माणसाच्या हातात सगळा कारभार. दुरुस्ती करायला वेळ नाही असं समजून पानंच उडवली. त्याच पानांवरचे इतर लेख, ज्यांना कुणाचीच हरकत नव्हती, तेही गेले. मुलांना कळलं ते अंक हातात आल्यावर.

अंकांचं काम केलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. सेन्सॉरशिप पुष्कळदा तत्त्वासाठी होतच नाही, ती छापखान्याच्या मुदतीपायी होते.

मुलं न्यायालयात गेली. जानेवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्यात फ्रेझर खटल्याचा आधार घेतला : आपल्या मूळ शैक्षणिक कार्याशी विसंगत असलेलं बोलणं शाळेनं सहन करायला हवं असं नाही. फ्रेझरचा निकाल सभेतल्या बोलण्यापुरता होता. हेझलवूडनं ते सूत्र शाळेच्या नावानं, शाळेच्या पैशानं निघणाऱ्या सगळ्या अभिव्यक्तीला लावलं. वर्तमानपत्र आलं, नाटक आलं, वार्षिकांकही आला. रास्त शैक्षणिक कारण दाखवता आलं की शाळा संपादकाच्या खुर्चीत बसू शकते. फ्रेझरच्या वेळी शाळेच्या बाजूनं निकालाशी सहमत असलेले ब्रेनन या वेळी असहमतांचे पुढारी होते. आपण ठेवलेला छोटा परीघ दीड वर्षात केवढा झाला, हे त्यांनी पाहिलं.

वार्षिकांक या रेट्यात वरचेवर सापडतो, कारण तो पालक विकत घेतात आणि जन्मभर जपून ठेवतात. वर्तमानपत्राचा अंक महिन्यानं रद्दीत जातो. वार्षिकांकातला फोटो नातवंडांपर्यंत पोचतो. २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या लाँगवूड गावच्या लायमन हायस्कूलच्या वार्षिकांकात मार्चमधल्या एका निदर्शनाचे फोटो होते. शाळेत लैंगिक ओळखीच्या विषयांवर बोलण्यावर बंधनं घालणाऱ्या राज्याच्या कायद्याविरुद्ध मुलं वर्गाबाहेर पडली होती, हातात इंद्रधनुषी झेंडे होते. अंक छापून तयार. स्कूल डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी फोटोंवर स्टिकर चिकटवून ते झाकायचं ठरवलं. निदर्शन शाळेनं आयोजित केलेलं नव्हतं हे पानावर स्पष्ट होत नाही, असं कारण दिलं. मुलं स्कूल बोर्डाच्या बैठकीत जाऊन एकेक करून बोलली आणि बोर्डानं पाच विरुद्ध शून्य मतांनी तो निर्णय फिरवला. फोटो उघडे राहिले. त्याऐवजी एक छोटा स्टिकर लावायचं ठरलं, हे निदर्शन शाळेच्या वतीनं झालेलं नव्हतं एवढंच सांगणारा. बेथेलमध्ये १९८३ साली जो प्रश्न कुणी विचारला नव्हता, हे व्यासपीठ कुणाचं, त्याचं उत्तर इथे दोन बोटं रुंदीच्या चिठ्ठीवर मावलं.

आज त्या राज्यात

फ्रेझरचा निकाल अजून कायम आहे, पण त्याच्या कडा घासल्या गेल्या आहेत. २००७ मध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी एका शाळकरी खटल्यात लिहिलं की फ्रेझर निकालाची तर्कपद्धत पूर्ण स्पष्ट नाही, आणि तेच भाषण शाळेबाहेरच्या सार्वजनिक जागी झालं असतं तर त्याला संरक्षण मिळालं असतं. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीनं शनिवार-रविवारी, शाळेबाहेरून, मोबाइलवर शाळेच्या चिअरलीडिंग संघाविषयी शिवी टाकली होती, तिच्या बाजूनं आठ विरुद्ध एक असा निकाल लागला. म्हणजे फ्रेझरची हद्द शाळेच्या सभागृहाच्या भिंतींपाशी येऊन थांबते. भिंतींच्या आत ती शाबूत आहे.

हेझलवूडला उत्तर म्हणून अनेक राज्यांनी विद्यार्थी संपादकांना संरक्षण देणारे कायदे केले. कॅलिफोर्नियाचा तर त्याच्याही आधीचा, १९७७चा. वॉशिंग्टन राज्यानं तसा कायदा केला २०१८ मध्ये. त्यामुळे आज त्या राज्यातल्या एखाद्या हायस्कूलमध्ये वार्षिकांकाची संपादक असलेली मुलगी काय छापायचं हे स्वतः ठरवू शकते. बदनामी, खासगीपणाचा भंग, कामकाजात मोठा अडथळा अशा ठरावीक कारणांवरच तिला शाळा अडवू शकते, आणि ती कारणं कायद्यात लिहिलेली आहेत. त्याच शाळेत एएसबीच्या उपाध्यक्षपदासाठी मित्राचं नाव मांडायला उठणाऱ्या मुलाच्या पाठीशी मात्र असा कायदा नाही. तो जे बोलेल त्याला १९८६चाच निकाल लागू आहे, आणि भाषणाचा कागद आदल्या दिवशी कोणत्या शिक्षकाला दाखवायचा, त्या शिक्षकाचं 'नको' हे मत असेल की मनाई, हे त्या त्या शाळेच्या नियमपुस्तिकेवर अवलंबून आहे.